पानबुडीचा खोकला

—हो जी, समजलं मले, तुमी तिसऱ्यांदा सांगून राहिले. पिक्चर पसंत आहे, तुमच्या कंपनीच्या ॲपवर टाकाचा आहे, नाव बदलाचं नाई, काही नाई, फक्त खोकला काढाचा आहे. बसा ना, उभे काहून? ती खुर्ची नवरदेवाची आहे, फोटोसाठी ठेवली, पन चालते. आता पाहा, मी सानगडीतला लग्नाच्या शूटिंगवाला. हळद, वरात, पंगत, हेच माझं काम. अन् तुमी पुन्याहून गाडी करून मले विचाराले आले का भय्याजी, तुमच्या पानबुडीचं कॉम्प्युटर काहून खोकते. चांगला प्रश्न आहे. पुन्याचा मानूस चांगलेच प्रश्न विचारते.

तुमचे ते मोठे पिक्चर पाहूनच तं शिकलो मी—मोबाइलवर पाह्यले, बम पाह्यले, रात-रातभर पाह्यले. समुद्राच्या तळाशी शहर, काचेच्या खिडक्या, सन दोन हजार दोनशे अन् वरतं काहीतरी. इतकं पुढे गेलेलं जग, पन पाइप तिथंही गळतेच—आमच्या ग्रामपंचायतीचा नळ बरा म्हना लागते. मग लाल लाइट लागते. मग एक बाई, दिसत नाई, नुसती बोलते, जशी काही पंगतीत जिलबी वाढून राहिली इतक्या गोड आवाजात—‘आपल्याकडे तीन मिनिटांचा ऑक्सिजन शिल्लक आहे.’ अन् त्या तीन मिनिटांत हिरो व्हिलनसंगं भांडते, बायकोची माफी मागते, बापाची आठवन काढते, तरी दीड मिनिट उरते. आमच्या इथं शिंगाडे काढाले पान्यात उतरनाऱ्याले विचारा, तीन मिनिट किती असते ते. बरं, सारे मरतात, पन त्या बाईचा आवाज शेवटपर्यंत साफ. मले तेच पटत नव्हतं. पानी शिरलं, वायरी जळल्या, अन् हिचा घसा कसा बसत नाई?

मनून आमी आमचा काढला. समुद्र म्हनजे गावची बोडी, धानाले पानी देते ती—हसून काहून राहिले, तुमाले तरी कुठं कळलं होतं? कमळाचे पानं दिसले तवा कळलं? हो, ते दिसले, मले एडिटिंगमध्ये दिसले. मग आमी डायलॉग टाकला का दुनिया बिघडली, आता समुद्रातही कमळं येऊन राहिले. पानबुडी म्हनजे छतावरची काळी टाकी, आतून चांदीचा कागद. कॅप्टन म्हनजे डोमा, आमच्या इथचा बँडवाला, त्याले बिल्ले लावलेला ड्रेस घरचाच होता. अन् ती न दिसनारी बाई—ती माझी बायको, रुखमा. घरची कलाकार, ना नखरा ना पैसे मागे. आवाज मशीनसारखा घुमाले पायजे मनून तांदळाची कोठी रिकामी केली, पत्र्याची, तिच्या बापानं लग्नात देल्ली होती ती. आडवी पाडली, रुखमा पोटावर झोपली, तोंड आत, माइक आत. ‘कॅप्टनसाहेब, पानी आत येऊन राहिलं जी.’ काय घुमला आवाज. तुमच्या हजार कोटीवाल्याले जमनार नाई असा.

पन दरवेळी ‘येऊन राहिलं’ म्हनलं का खोकला. मी म्हनलो, कोंडा आहे. तांदळाच्या कोठीत कोंडा राहतेच, घशात जाते. कोठी पुसली, ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली, पुन्हा लावली—पुन्हा खोकला. अकरा टेक झाले. बाराव्याले मी चिडलो. म्हनलो, घरी रांधताना दोन-दोन तास गाने म्हनतेस, इथं तुले एक ओळ जमत नाई? ती म्हने, पानी पिऊन येतो. मी म्हनलो, काही गरज नाई, पानबुडी बिघडली आहे, खोकू दे तिले. अन् तसाच टाकला पिक्चर. झाला ना फेमस. लोकांनी खाली काय काय लिहिलं—पानबुडीले हळदीचं दूध द्या. एकानं लिहिलं, मालकानं सर्व्हिसिंग केली नाई वाटते. बरोबर लिहिलं त्यानं. मालकानं सर्व्हिसिंग केली नाई.

काय म्हनता? बोलवा तिले? पाच मिनिटांचं काम? ना जी. ती आता डबिंग करत नाई, रिटायर झाली. मोठी कलाकार आहे, अशी कोनालेही भेटत नाई. —कॉम्प्युटरवर? तिचाच आवाज, बिनखोकल्याचा? वा. म्हनजे ती जे कधी म्हनलीच नाई तेही म्हनन. विज्ञान कुठच्या कुठं गेलं, आमीच कोठीत डोकं घालून बसलो.

रागावलो नाई जी, तुमच्यावर कायले रागावू. तुमाले मी सांगतलंच नाई. कोंडा नव्हता तो, साहेब. सहा महिने आमी कोंडाच म्हनलं. ती म्हने, घशात काही अडकल्यासारखं वाटते, मी म्हनलो, जाईन आपोआप. माझा धंदा कानाचा आहे—वरातीच्या गोंगाटातून नवरीच्या मायचं रडनं वेगळं काढतो मी—अन् मले घरचा खोकला ऐकू आला नाई. नागपूरच्या डॉक्टरनं नळी टाकून एकदाच पाह्यलं. आवाजाची पेटीच काढा लागली. जीव वाचला, हे काही कमी नाई. गळ्याले भोक आहे, त्यावर रुमाल बांधते, जेवते, रांधते, भांडतेही, हातवारे करून भांडते. आवाज तेवढा नाई.

आता तुमीच सांगा. दुसऱ्याच्या लग्नाच्या कॅसेटांनी हे कपाट भरलं आहे, अन् माझ्या बायकोचा आवाज? आमच्या लग्नात शूटिंगच नव्हती. घरच्या मानसाचं बोलनं कोन रेकॉर्ड करते—आहे ना, रोजच बोलते. जेवढा आहे तेवढा त्या काळ्या टाकीत आहे, चार मिनिट. त्यातही ती बोलते काय, तं पानी आलं, ऑक्सिजन गेला, कॅप्टनसाहेब—मी लिहून देल्लेलं. माझेच शब्द. फक्त खोकला तेवढा तिचा आहे, साहेब. तो मी कसा काढू?

अन् तिच्यासमोर लावताही येत नाई. एकदा लावला तं ताट तसंच ठेवून उठून गेली. मले लाज वाटली, माझी. आता ती बाहेर गेली का दार लोटतो, हेडफोन घालतो अन् ऐकतो, चोरासारखा. बाराव्या टेकवाला खोकला तं दोन-दोनदा ऐकतो. तिले माहीत नाई हे, अन् होऊही द्याचं नाई. आता बाजारात गेली मनून तुमच्याजवळ इतकं बोलून तं राहिलो, नाईतं मी—

तुमी माझ्या मागे काय पाहून राहिले?

—रुखमा. कवा आली तू?

ती पिशवी ठेव ना खाली. अशी नको पाहू... साहेब, तुमी निघा आता.