तारेच्या शेवटी हाजर

मी मूळचा कुहीकडचा, बाप बिड्या वळे, अन् घरात मानसं येवढी का बोलाची पाळी येत नसे. त्या घरचं पोरगं पुढं एकट्या पंपहाऊसवर बसलं, पाहा आता नशीब.

कोराडीकडं वीजघराले पानी देनारा पंप होता, चहूकडं माळ, मानूस नावाले नाही. तिथं चावी फिरवाचा काळा फोन. दर घंट्याले चावी फिरवाची अन् कंट्रोलरूमले सांगाचं, पंपहाऊस हाजर आहे साहेब. तिकडून म्हने, ठीक. झालं, ठेवला फोन. बायको गेल्यावर, का सांगू तुमाले, दिवसभरात माह्यासंगं बोलनारं तेवढंच, तो ठीक आयकाले मी घंटाभर बसून राहाचो. एक डाव इचारलं, साहेब, जेवले का? तर म्हने, लाइन अडवू नको.

अन् फोन नाही केला तर कंट्रोलरूमवाले समजत का तार तुटली. वांदरं झोके घेत ना तारेवर, तुटतच होती. मंग लाइनमन निघे, खांब खांब पाहात.

एक डाव मले ताप भरला, चावी फिरवाले उठलो तर पडलोच. पडल्या पडल्या रडू आलं, म्हटलं आपन मेलो तरी याइले तार तुटली वाटन. अन् तसंच झालं बाप्पा! मले पाहाले कोनी नाही आलं, तार पाहाले आला, गुलाब लाइनमन. तार साबूत, अन् तारेच्या शेवटी मी फरशीवर. लय शिव्या देल्ल्या त्यानं, अबे भैताडा, मी वांदरं शोधून राहिलो अन् तू इथं मरून राहिला! सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

आता रिटायर झालो, हुडकेश्वरात एक खोली आहे, पोरगी तर बायको असतानाच भिलाईले देल्ली. घरी फोन नाही, अन् असता तरी हाजर आहे म्हनून सांगाचं कोनाले? पन गुलाब सक्करदऱ्याले राहाते. रोज सकाळी सायकलवर येते, उतरत बी नाही, रस्त्यावरूनच घंटी वाजवते. मी आतून म्हनतो, हाजर आहे गा. तो म्हनते ठीक, अन् जाते. हासता काहून? तेवढ्यासाठी उठतो मी सकाळी.

काल नाही आला. आज बी नाही. शेजारीन म्हने, सायकल पंचर झाली असन काका. असन वं माय, म्हटलं, पंचरच असो. पन कोनी जाऊन पाहाले तर पाहिजे ना.

तुमी चहा घ्या सावकाश, कडी लावून घेजा. तुमच्या दारापुढं बी रोज कोनी घंटी वाजवो, बाबा. मी निघतो सक्करदऱ्याले. पायीच जातो, रस्त्यानं पाहात पाहात.