छोट्या गाडीचं मोठं इंजिन

स्पेअर पार्टच्या दुकानात नर्सबाई घाईघाईने वायपर घ्यायला शिरल्या. पुढे एक काका-काकू काउंटरला टेकून उभे होते.

“बसेल की, काका,” दुकानदार सांगत होता. “पण मोठं इंजिन म्हणजे माउंटिंग, रेडिएटर, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळंच बदलायला लागेल.”

“ब्रेक कशाला? मला चढ चढायचाय!”

“मला उतरायचंही आहे,” काकू म्हणाल्या.

“त्याचं काय आहे, लेकीचं घर टेकडीवर. दोघं बसलो की गाडी धापा टाकते. मग हिला उतरून चालावं लागतं. गुडघे बघा हिचे!”

“गुडघे माझे, कुरकुर यांची. मी केली कधी तक्रार?”

“केली नाहीस, म्हणून तर आलोय.”

“अहो, मी चालते तेव्हा तुम्ही शेजारून हळूहळू गाडी नेता. खिडकीतून माझ्याशी गप्पा मारता.”

“मग आता आत बसून मारू.”

“घरी समोरासमोरच बसतो आपण. मारता?”

नर्सबाई उगाचच बल्बांची खोकी न्याहाळू लागल्या.

“काका, इंजिन मागवू ना?”

“थांबा हो जरा. आधी हिच्याशी बोलतो.”