मंग्याचा ट्यूनर अन् पल्लवीचे कान

तुमी तयार कानाचं बोलून राहिले, तं आमच्या बँडमधल्या पल्लवीचं ऐका. आमचा गिटारवाला मंग्या. मागच्या दसऱ्याले त्यानं सूर लावाचा, पायानं दाबाचा नवा ट्यूनर पेडल घेतला, हळदकुंकू वाहिलं अन् नव्याचा मान म्हणून पेडलांच्या ओळीत सगळ्यात पहिले जोडला. त्याच्यानंतर त्याचा जुना लाडका फझ, गिटारचा आवाज जाडाभरडा करणारा.

जरीपटका वस्तीत कार्यक्रम होता. लोक येऊन बसले. मंग्यानं फझ दाबला, तं मच्छर गुणगुणल्यावानी चिरका आवाज!

"मेला गा माझा फझ!" मंग्या रडकुंडीले आला.

पल्लवी आमची गायिका. पाठमोरी माइक लावून राहिली होती. वळलीसुद्धा नाही. "ट्यूनर फझच्या नंतर जोड."

"काहून वं?"

"फझले गिटार थेट लागते. मधात ट्यूनर बसला का इम्पीडन्स, म्हंजे करंटले होणारा अडथळा, बदलते, मंग तो असाच किंचाळते."

मंग्यानं वायरी बदलल्या, तार छेडली. बाप्पा! खुर्च्या हादरल्या.

यंदा दसऱ्याले मंग्यानं सगळे पेडल पुसून मांडले, कुंकवाची वाटी उचलली अन् आधी पल्लवीकडं गेला.

"कान इकडं कर वं."