चितेगावचा दुसरा पुरवठादार

हसू नका, पण सांगतोच. समुद्रात जहाजं अडकायला लागली तेव्हा आमच्या वाळूजच्या कंपनीला पुण्याच्या गिऱ्हाइकानं बजावलं, की प्रत्येक सुट्या भागाला दोन पुरवठादार दाखवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. पाहणीला त्या गिऱ्हाइकाकडून एक मॅडम आल्या. खरेदी माझ्याकडं, म्हणून मीच छाती फुगवून म्हणालो, "मॅडम, आमची रबरी सील चीनहून येतात. पण उद्या चीन बंद पडला तरी आमचं चितेगाव चालूच."

"मग चितेगावच बघू," त्या म्हणाल्या.

तिथले आमचे पुरवठादार जाधवशेठ, त्यांनी आधी चहा पाजला. मॅडमनी विचारलं, "सील इथंच बनवता?"

"नाय हो. आमची बी चीनहूनच येतात. आमी फक्त पाकीट बदलतो."

मी कप खाली ठेवला.

"आणि जहाज अडकलं तर?"

"त्याचं काय टेन्शन नाय," शेठ माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाले. "साहेबांच्याच स्टोअरमधून उसनी आणतो आन् त्यांचीच ऑर्डर भरतो. स्टोअरवाले लई चांगले, कधी नाय म्हणत नाहीत."

शरमेनं माझे कान तापले. मी बशीतली बिस्किटं बघत बसलो.

आम्ही गाडीतून परत निघालो. वाळूज आलं तशा मॅडम म्हणाल्या, "मोरेसाहेब, दुसरा पुरवठादार हवाच, हे आज पटलं."

मला जरा धीर आला. म्हटलं, "हवाच मॅडम."

"तुमच्याऐवजी कोण मिळतं, ते उद्यापासून बघते."