दोर कोणाच्या हाती

—नाही संपतराव, दोराला हात लावू नका, आणि मी तुमच्याकडे पाहत नाही म्हणून रागावू नका. माझं सगळं लक्ष बोटांत आहे. तुमचा इंद्रजीत वीस फूट खाली आहे — या गढूळ भीमेत नाकापुढे धरलेला स्वतःचा हात दिसत नाही, पंपाच्या जाळीतली जलपर्णी चाचपून चाचपून उपसायची — वर माणूस आहे हे त्याला कळायचं तर या दोरातूनच. एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा. हे मी तुम्हाला शिकवावं? माझा अनिस याच पाण्यात गेला, त्या दिवशी त्याचा दोर तुमच्याच हाती होता की!

काय म्हणता — ‘त्यानं दोर हालवलाच न्हाई, भाबी’? चार वर्षं हेच ऐकते आहे. दौंडहून पंचनाम्याला आलेल्यांनीही तेच लिहून घेतलं; हृदय बंद पडलं असेल म्हणाले — एकतिसाव्या वर्षी! दुसऱ्या दिवशी मी इथे आले होते, एकटी. काठावरच्या त्या बाभळीची साल बुंध्याभोवती गोल सोलून निघाली होती, आतलं लाकूड ओलं होतं. हातात धरलेला दोर झाडाची साल काढतो का हो? तुम्ही तो झाडाला बांधलात आणि नेहमीसारखे फोनवर बोलत पार रस्त्यापर्यंत गेलात. माझा मुलगा खालून ओढत राहिला, ओढत राहिला — त्याला उत्तर कोणी द्यायचं, बाभळीनं? तेव्हा बोलले असते तर कोणी ऐकलं असतं? पाणी संस्थेचे चेअरमन तुम्ही. पण आज शिरूरपासून दौंडपर्यंत एकही पाणबुड्या तुमच्या शब्दावर पाण्यात उतरेना, म्हणून पोटच्या मुलाला उतरवलंत.

थांबा — एक हिसका. ठीक आहे तो. घाम पुसा.

होय, आला होता मनात विचार. खोटं कशाला सांगू? दोर हाती आला तेव्हा बोटं क्षणभर सैल झाली होती. पुन्हा आवळली, ती तुमच्यासाठी नव्हे.

‘पोराला सांगू नका’? उशीर झाला, संपतराव. सकाळी त्यानंच विचारलं — चाची, अनिसदादानं खरंच दोर हलवला नव्हता? मी त्याला झाडापाशी नेलं. त्या व्रणावरून तो अंगठा फिरवत राहिला, बराच वेळ; मग दोर माझ्या हाती दिला. आणि तुम्हाला वाटलं, म्हातारीचा मान राखला! तो वर येईपर्यंत हे बोलायचं नाही, असं त्याला कबूल केलं होतं मी — बोलून बसले.

मग हेही ऐका. पाण्यातून डोकं वर काढल्यावर पहिला चेहरा तुमचा नको, एवढंच मागितलंय त्यानं. निघा. गाडीत जाऊन बसा — आणि काच वर करून घ्या.