परक्या भिंतीत खुंटी

सुतारआजोबा : म्हणजे ह्या सुनेचं दूध बाधलं नाही म्हणता?

डॉक्टरीण : आजोबा, तिसऱ्यांदा सांगतेय. नाही बाधलं.

सुतारआजोबा : मग पाच महिन्यांच्या नातीला दिवसात बारा-बारा जुलाब कशाने? दातसुद्धा फुटले नाहीत अजून.

डॉक्टरीण : पोटात जंतू गेलाय. आतड्याला चिकटून बसलाय.

सुतारआजोबा : एवढं सगळं वाहून चाललंय, मग तो मेला का नाही वाहून जात?

डॉक्टरीण : हा येताना स्वतःची खुंटी घेऊन येतो. आतड्याच्या भिंतीत ती घुसवतो आणि मग तिलाच घट्ट धरून बसतो.

सुतारआजोबा : परक्याच्या भिंतीत? चाळीस वर्षं खुंट्या ठोकल्या मी, पण मालकाला विचारल्याशिवाय एक नाही!

डॉक्टरीण : हा कुठला विचारतोय! त्या भिंतीवर मखमलीसारखी लव असते, पाणी शोषून घेणारी. जिथे बसतो तिथली ती लव उडवून टाकतो. मग अंगात पाणी मुरणार कसं?

सुतारआजोबा : रंधा मारल्यासारखी...

डॉक्टरीण : आईच्या दुधात त्याला भिंतीपाशी टिकू न देणारं बरंच काही असतं. म्हणून विचारते, अंगावरचं बंद का केलं?

सून : जाऊ द्या ना, डॉक्टर.

सुतारआजोबा : जाऊ कशाला द्या? मी बंद करवलं. परवा जुलाब सुरू झाले तेव्हा म्हणालो, तुझं दूधच नासकं.

डॉक्टरीण : आणि त्याआधी वरचं काही देत होतात?

सुतारआजोबा : ती नाही सांगायची. बाटली. मीच आणली. ही कामावर गेली की पोर रडायची. मीच पाजायचो.

डॉक्टरीण : बाटली उकळून घ्यायचात?

सुतारआजोबा : माझ्या कारखान्यातल्या पाण्याच्या पिंपात खळबळायचो. स्वच्छ दिसायची हो.

डॉक्टरीण : बहुतेक तिथूनच आला असेल.

सुतारआजोबा : आणि बोल हिला लावला मी.

डॉक्टरीण : आजोबा, वेळेवर आणलंत. डोळे खोल गेलेत, पण रडताना अजून पाणी येतंय. पुडीचं मीठ-साखरेचं पाणी चमच्याने देतोय, ती थुंकतेय. आता आईने अंगावर घ्यायला हवं. काय गं, दूध येतंय का अजून?

सून : येतंय. दोन दिवस मोरीत पिळून टाकतेय.

सुतारआजोबा : टाकतेस? आणि मला बोलली नाहीस?

सून : बोलले होते, बाबा. तुम्ही करवत थांबवली नाहीत.



सुतारआजोबा : चुकलो, पोरी. डॉक्टरांसमोर सांगतो, घरी तुझ्या सासूसमोरही सांगेन. तुझं दूध चांगलं होतं.

सून : बाबा...

सुतारआजोबा : बोल. काय बोलायचं ते बोल मला.

सून : जरा बाहेर बाकावर बसता का? ती तोंड वळवतेय माझ्याकडे.