एक भोक जास्त

माननीय अध्यक्ष, व्यवस्थापकसाहेब, व्यासपीठावर अवघडून बसलेले, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे काका, शेजारी काकू, आणि अर्ध्या तासासाठी मशीन बंद ठेवून आलेले सहकारी,

मी प्रोग्रॅमिंग विभाग सांभाळतो. माझे प्रोग्रॅम काकांनी एकोणीस वर्षं मिलिंग मशीनवर चालवले. त्यांना कारखान्यात 'ऐंशी' म्हणतात. नव्या मुलांना वाटतं, वयावरून. काकू, हे तुमच्या कानावर आलं असेलच.

नवा प्रोग्रॅम सुरू करण्याआधी काका मला विचारतात, "ऐंशी?" मी म्हणतो, "आहे." मगच हिरवं बटण. हे कशासाठी, असं आजवर कुणी विचारलं नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो. एकसारखी बारा भोकं पाडायची असतील, तर ड्रिल खाली ने, वर आण, असं बारा वेळा लिहीत नाहीत. ही ठरलेली हालचाल, म्हणजे फिक्स्ड सायकल, एकदा लिहायची, पुढे फक्त जागा द्यायच्या. मशीन प्रत्येक जागी जाऊन ड्रिल मारतं. पण कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही. 'जी ऐंशी' हा आदेश लिहून सायकल रद्द करावी लागते. नाही केली, तर पुढच्या ओळीत नुसती जागा बदलायला सांगितली तरी तिथे भोक पडतं.

तेव्हा मला नोकरीला लागून पाच महिने झाले होते. अजून कायम व्हायचा होतो. मी ऐंशी लिहायला विसरलो. बारा भोकं नीट पडली. तेरावं पडलं घासून तयार झालेल्या पृष्ठभागाच्या मधोमध. तीन आठवड्यांचं काम भंगारात.

काका म्हणाले, "काय रे, हे नक्षीकाम कुणी सांगितलं होतं?"

चौकशीला आम्ही दोघं उभे होतो. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "बटण कुणी दाबलं?"

"मी," काका म्हणाले.

"आधी प्रोग्रॅम तपासलात?"

"नाही."

मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून मी सांगितलं नाही. अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' असा शेरा आला. मी कायम झालो. काकांचं फोरमनपद ठरल्यासारखं होतं, ते दुसऱ्याला गेलं. पुढेही त्यांचं नाव आलं नाही.

बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "उद्यापासून मी विचारणार, तू सांगायचं." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही.

साहेब, तो अहवाल अजून फाइलमध्ये आहे. चूक माझी होती, असं मी लिहून, सही करून आणलं आहे. हा कागद त्याला जोडावा. काकांची फाइल उद्या बंद होते, म्हणून आजच.

काका, तुम्ही 'पुरे' अशी खूण करताय. आवरतो.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. एकोणीस वर्षांचा उशीर मात्र घालू नका.

काका, आज न विचारता सांगतो. ऐंशी आहे.